मूळ मापातलं चित्र

१

गारखेड्यात आठवडा सोमवारी सुरू होत नाही, नळाला पाणी येतं त्या दिवशी सुरू होतो. त्या दिवशी माणूस लग्नाला जायचं टाळतो, मयतीला गेला तरी अंघोळीचं निमित्त सांगून लवकर परततो. घरात जेवढं म्हणून भांडं आहे तेवढं भरायचं, मागच्या अंगणातला जमिनीखालचा हौद भरायचा, आणि मग पुढचा नळ येईपर्यंत पुरवून पुरवून वापरायचं. हौद मात्र कधी पूर्ण उपसायचा नाही. तळाला थोडं पाणी राहू द्यायचं, कारण पुढचं पाणी कधी येईल ते सोडणाऱ्यालाही ठाऊक नसतं. पुढचं सगळं या एका सवयीमुळं झालं, म्हणून ती आधी सांगून टाकली.

इंद्रजीत शेंद्र्याच्या एका कारखान्यात तपासणीच्या खात्यात होता. लोखंडाचे सुटे भाग हातात घ्यायचे, मोजायचे, चालेल का नाही ते सांगायचं. उमेदीची सगळी वर्षं त्यानं हेच केलं. पहिली पाळी संपवून कंपनीच्या बसनं तो दुपार कलताना घरी यायचा आणि बूट न काढता दारातल्या खुर्चीवर बसून राहायचा. मोनिका, त्याची बायको, आतल्या खोलीत भिंतीकडं तोंड करून पडलेली असायची. चहा तोच टाकायचा. दोन कप करायचा आणि त्यातला एक गार व्हायचा.

मूल व्हावं म्हणून दोघांनी दवाखान्याचे लई फेरे घातले होते. त्यापायी मोनिकानं शाळेतली चित्रकलेची नोकरी सोडली. शेवटचा प्रयत्नही वाया गेला तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता शरीराला जरा विश्रांती द्या. मोनिकानं ते इतकं मनावर घेतलं की उठायचंच सोडलं. इंद्रजीत रडला नाही, तो नुसता थकला. थकलेल्या माणसाला दुःखसुद्धा नीट करता येत नाही हो, ते तसंच अंगावर वागवत कामाला जावं लागतं.

मग एका पावसाळी संध्याकाळी न्हाणीत एक बेडूक शिरला. झाडावरचा, तपकिरी, भिंतीला चिकटून बसणारा. काय सुचलं कोण जाणे, इंद्रजीतनं तो पारदर्शक डब्यात धरला आणि मोनिकाच्या उशाशी नेऊन ठेवला. म्हणाला, बघ, याच्या बोटांच्या टोकाला टिकल्या आहेत. मोनिका किती तरी दिवसांनी कुशीवर वळली. बराच वेळ बघत राहिली आणि मग तिनं पेन्सिल मागितली.

२

त्या दिवसापासून दोघांचं एक पुस्तक सुरू झालं, आपल्या भागातल्या बेडकांचं. छापायचं नव्हतं, कुणाला दाखवायचंही नव्हतं. रविवारी स्कूटरवर निघायचं, डोंगराच्या पायथ्याची डबकी धुंडाळायची, सापडेल तो डब्यात घ्यायचा. इंद्रजीत मोजायचा, मोनिका काढायची, आणि काढून झालं की जिथलं तिथं नेऊन सोडायचं. नियम एकच होता, तोही इंद्रजीतनं घातलेला. जे जेवढं असेल ते तेवढंच काढायचं, मूळ मापात. जन्म मोजण्यात गेलेला माणूस, दुसरा कसला नियम घालणार?

मोनिका पाळायची तो नियम. आणि मुख्य म्हणजे ती उठायची. वेणी घालायची, भाजीला फोडणी द्यायची, कपड्यावर रंग सांडला म्हणून स्वतःवरच चिडायची. इंद्रजीत ते बघायचा आणि जीव मुठीत धरायचा. ही पुन्हा तशी पडून राहिली तर आता आपल्याला झेपणार नाही, हे त्याला स्वच्छ कळलेलं होतं. त्याच्यात तेवढं उरलंच नव्हतं.

पावसाळा सरत आला तेव्हा ते हर्सूलच्या बाजूला गेले. तिकडून जुनी नहर येते, जमिनीखालून शहरात पाणी आणणारं निजामाच्याही आधीचं भुयार. एका शेताच्या कडेला त्याचं तोंड उघडं पडलं होतं आणि आत काळंशार पाणी होतं. इंद्रजीतनं जाळी घातली तर बेडकाची शेपटीवाली पिल्लं आली, मुगाच्या दाण्याएवढी, काळी. त्यातलं एक पांढुरकं होतं. मानेशी दोन्ही बाजूंना त्याला पिसासारखं काही तरी होतं. मोनिका म्हणाली, हे घेऊ.

आता पिल्लावरून जात ओळखू येत नाही, बेडूक होईपर्यंत थांबावं लागतं. घरी आले तर बादलीत ठेवायला चालेल असं पाणी नव्हतं. नळाच्या ताज्या पाण्यात औषध असतं, त्यात पिल्लं मरतात. औषध उडून गेलेलं जुनं पाणी घरात एकाच ठिकाणी होतं. हौदात डासांसाठी गप्पी मासे सोडलेलेच होते, त्यांच्यात हेही राहील, असं म्हणून इंद्रजीतनं झाकण सरकवलं आणि डबा पालथा केला. गल्लीत कुणीही हेच केलं असतं.

३

पुढच्या रविवारी त्यानं जाळी घालून ते वर काढलं, तेव्हा ते करंगळीएवढं झालं होतं. पाय फुटले होते. दोघं डब्यावर वाकून बघत होते आणि मोनिका काढतही होती, तेवढ्यात इंद्रजीतला काही तरी खटकलं. काय ते चटकन कळेना. तपासणीवाल्याचं असंच असतं, चूक आधी हाताला लागते, नाव नंतर सापडतं.

बेडकाच्या पिल्लाला मागचे पाय आधी फुटतात. कोणत्याही बेडकाच्या, कोणत्याही डबक्यात. याला पुढचे फुटले होते. पुढचे दोन्ही, बोटांसकट, आणि मागं नुसती शेपटी.

त्याचा जुना मित्र प्रणय वैजापूरला कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचा. इंद्रजीतनं त्याला फोटो धाडला. प्रणयनं लगेच फोन केला आणि हसतच विचारलं की हा फोटो नेटवरून कुठून उचललास. पुढचे पाय आधी येतात ते सॅलॅमँडरला, म्हणाला. दिसायला पालीसारखा, पण पाल नव्हे, बेडकाचा भाऊबंद. आपल्या देशात तो फक्त दार्जिलिंगकडच्या डोंगरात आणि त्याच्याही पलीकडं. महाराष्ट्रात एक नाय. म्हणून तर मराठीत त्याला नाव नाय. इंद्रजीत म्हणाला, अरे, आमच्या हौदात आहे. त्यावर प्रणयनं विचारलं, वहिनी बऱ्या आहेत ना आता?

इंद्रजीतनं फोन ठेवला. मित्राचंही चुकलं नव्हतं, मित्राला काळजी वाटली. पण इंद्रजीतला एकाएकी एवढा शीण आला की पुन्हा फोन करून पटवायचं त्यानं डोक्यातून काढून टाकलं.

मोनिकानं चित्र पुरं केलं. खाली नावाची जागा कोरी ठेवली. त्यानं विचारलं तर म्हणाली, काय लिहायचं ते ठरू दे. आणि डबा उचलून तिनं स्वतःच ते हौदात सोडलं.

४

त्यानंतर ते इंद्रजीतच्या जाळीत आलं नाही. त्यानं दोनतीनदा प्रयत्न केला. गप्पी मासेही आले नाहीत. हौदात अंधार असतो, कोपरे असतात, मासे मरतात, तळाला बसतात. त्यानं स्वतःला हे सगळं सांगितलं आणि ते पटण्यासारखंच होतं.

मोनिकाला मात्र ते दिसायचं. तो कामावर असताना, दुपारी. ती म्हणायची, झाकण थोडं सरकवून शांत बसलं की येतं. तो परतला की नवं चित्र तयार असायचं. आणि काय सांगावं, चित्रं एकाहून एक सरस होती. कातडीचा ओलसरपणा, नखं नसलेली मऊ बोटं, डोळ्यावरची न मिटणारी त्वचा. दवाखान्याच्या दिवसांत जो हात थरथरायचा, तो हाच का, असं वाटावं.

एके दिवशी चित्र कागदाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत गेलेलं होतं. इंद्रजीतनं सवयीनं माप घ्यायचा व्हर्नियर काढला आणि पुन्हा ठेवून दिला, कारण त्याची तोंडं तेवढी उघडतच नव्हती. तो समजुतीच्या सुरात म्हणाला की बारकावे दाखवायला मोठं काढलंस ते बरं केलंस, पण मग बाजूला तसं लिही, नाही तर आपला नियम मोडतो.

मोनिका कणीक मळत होती. तिनं मानही वर केली नाही.

"आहे तेवढंच काढलंय," ती म्हणाली.

त्यावर भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. पण ती इतक्या साधेपणानं बोलली, की जणू भात झालाय, वाढू का, असंच म्हणत असावी. इंद्रजीत जेवायला बसला. पुढच्या आठवड्यात तिनं कागदाला कागद चिकटवला. मग आणखी एक. ते गुंडाळून कपाटावर ठेवावं लागायचं. त्यानं ती गुंडाळी उलगडून बघितली नाही. उद्या बघू म्हणायचा, आणि उद्या पुन्हा पहिली पाळी असायचीच.

एकदा ती म्हणाली, येताना खिमा आणा. या घरात मोनिका मटणाला हात लावत नसे. तरी कुणासाठी ते न विचारता तो दुकानातून पुडकं घेऊन आला. तिनं ते कागदासकट मागच्या दारी नेलं. जरा वेळानं हात धुऊन आत आली, तेव्हा तिच्या चेहऱ्यावर पोटभर जेवल्यासारखं समाधान होतं.

५

शेजारच्या सुरेखाताई एकदा फाटकाशी भेटल्या. सुरेखाताई म्हणजे गल्लीचं वर्तमानपत्र, पण मनानं भली बाई. मोनिका किती सुधारली हो, म्हणाल्या, दुपारी हसण्याचा आवाज येतो, बरं वाटतं. मग जवळ येऊन त्यांनी विचारलं,

"पाहुणे आलेत का? लेकरू कुणाचं आहे?"

इंद्रजीत म्हणाला की टीव्ही असेल. त्या म्हणाल्या, व्हय, टीव्हीच असेल, आजकाल कशाचाही आवाज येतो. दोघांनीही ते मान्य केलं.

नळाच्या दिवशी त्याला सुट्टी होती. हौदात पाणी पडायला लागलं. नळाचं पाणी रिकाम्या होत आलेल्या हौदात आधी घुमतं, मग जसजसं भरतं तसतसा आवाज जाड होत जातो. इंद्रजीतनं स्वयंपाकघरात उभ्या उभ्या ऐकलं तर आवाज मधेच अडायचा. धार पडता पडता कशावर तरी पडायची, जड, मऊ कशावर तरी, आणि ते बाजूला झालं की पुन्हा पाण्यावर पडायची. पाइपात हवा धरली असेल, असं त्याला वाटलं. पण हवा धरली तर पाइप खोकतो. हा खोकला नव्हता.

पाणी बंद झाल्यावर तो मागच्या दारी गेला. उंबऱ्याच्या फरशीवर ओला पंजा उमटला होता. मोनिकाचा असेल. ती सारखी हात भिजवून आत-बाहेर करते. तो खाली बसला आणि त्यानं आपला तळवा बाजूला ठेवून पाहिला. पंजा त्याच्यापेक्षा लहान होता, मोनिकाच्याहीपेक्षा लहान. बोटं चार होती. चौथ्याच्या पुढं जागा होती, पण तिथली फरशी कोरडी होती. एक बोट टेकलं नसेल. घाईत टेकत नाही कधी कधी. तो बघत असतानाच तो डाग उन्हानं आकसत गेला आणि वाळला. नंतर फरशीवर काही नव्हतं, म्हणून मनातही काही ठेवायचं नाही असं त्यानं ठरवलं. ते जमलं नाही.

६

हौद साफ करणाऱ्या कडुबाला त्यानं फोन केला तो कारखान्यातून, जेवणाच्या सुट्टीत. रविवारी या, म्हणाला, पूर्ण उपसायचा, तळ खरवडायचा. कडुबा म्हणाला, साहेब, पाणी वाया जाईल, पुढचा नळ लांब आहे. जाऊ द्या, इंद्रजीत म्हणाला.

घरी आल्यावर त्यानं मोनिकाला सांगितलं. ती चिडेल, रडेल, अशी त्यानं तयारी केली होती. ती त्याच्यासमोर पाटावर बसली. केस विंचरलेले, गालावर रंग आलेला, हातावर पेन्सिलीचं काळं. लग्नानंतर पहिल्या वर्षी दिसायची तशी दिसत होती.

"त्याला तुमचा आवाज कळतो," ती म्हणाली. "तुम्ही बसमधून उतरून फाटकाशी कुणाशी बोललात ना, की ते खालून वर येतं. माझ्या आवाजाला येत नाही एवढ्या लगबगीनं."

तो म्हणाला, मोनिका, तो एक प्राणी आहे. कोणता ते आपल्याला माहीत नाही, एवढंच.

"असू दे की प्राणी. मी कुठं नाही म्हणते?" ती म्हणाली. मग, खालच्या आवाजात, "मला पुन्हा त्या भिंतीकडं तोंड करून पडायचं नाही हो. तुम्ही सांगा, काय करू?"

बायकोला देण्यासारखं जगात आपल्याकडं काहीच नसावं, याची इंद्रजीतला लाज वाटली. ती उठून भाकरी टाकायला गेली.

७

रविवारी सकाळी लख्ख ऊन होतं. कडुबा यायच्या आत आपण स्वतः बघून घ्यावं, म्हणजे एकदाचा निकाल लागेल, असं इंद्रजीतनं ठरवलं. आजवर त्यानं एकही भाग न बघता नापास केला नव्हता. त्यानं टॉर्च घेतला, मागं गेला, गुडघे टेकले आणि झाकण पूर्ण सरकवलं.

आतून गार वास आला, नहरीच्या तोंडाशी आला होता तोच. उन्हाचा एक चौकोन पाण्यावर पडला. हौदात उतरायला भिंतीत लोखंडी कड्या बसवलेल्या होत्या, वरून खाली पाण्यात गेलेल्या. त्यानं टॉर्च एकेका कडीवरून खाली नेला. वरची गंजलेली. तिच्या खालची गंजलेली. पाण्यालगतच्या कडीवर एक हात होता.

पांढुरका, ओला, भरलेल्या मनगटाचा. बोटांनी कडी घट्ट धरलेली होती, लेकरं झोक्याची दोरी धरतात तशी. त्याच्या मागं पाण्यात काही तरी लांब आणि फिकट वळलं आणि उन्हाच्या चौकोनाखालून निघून गेलं. जायला त्याला वेळ लागला. ते जात राहिलं, जात राहिलं, आणि एवढा वेळ हात कडीवरून हलला नाही.

इंद्रजीतनं टॉर्च विझवला. मोजू नको, त्यानं स्वतःला बजावलं, काही केल्या मोजू नको.

तेवढ्यात फाटक वाजलं. कडुबानं हाक दिली, साहेब, पाणी उपसायची मोटार आणलीय, कोणत्या बाजूनं लावू?

इंद्रजीत उठला. घराच्या बाजूनं पुढं जाताना तो स्वयंपाकघराच्या खिडकीजवळून गेला. आत मोनिका पोहे भिजवत होती आणि गुणगुणत होती. आज काय होणार ते तिला माहीत होतं, रात्रभर तिच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता, तरी गुणगुणत होती. कुठलं गाणं नव्हतं, नुसता सूर. या घरात तो किती वर्षांत ऐकू आला नव्हता. इंद्रजीत खिडकीशी थांबला. त्याला वाटलं, आपण फार दमलोय. त्याला वाटलं, एवढं एक आपल्या पदरात पडलंय, ते काय आहे हे विचारणारे आपण कोण.

फाटकाशी जाऊन तो म्हणाला, नको.

"नको? मग कधी येऊ?" कडुबानं विचारलं.

"नकाच येऊ. हौद चांगला आहे आमचा."

कडुबा काही तरी पुटपुटला, खेप फुकट गेल्याचं. मोटार पुन्हा गाडीवर चढवून तो गेला. इंद्रजीत मागच्या दारी आला, आता झाकण लावायचं एवढंच मनात धरून.

हात वरच्या कडीवर आला होता. दुसराही हात होता. कड्या चढायला जड जात होत्या, ओली बोटं घसरत होती, पुन्हा पकड घेत होती, आणि दोन्ही हातांच्या मधे उन्हाच्या कडेशी काही तरी गोल, केस नसलेलं, वर वर येत होतं. इंद्रजीतनं ओरडायला तोंड उघडलं. घशात जे होतं ते ओरडणंच होतं, याबद्दल त्याची खात्री होती. पण एक बोट कडीवरून निसटलं आणि त्याच्या तोंडून भलतंच बाहेर पडलं.

"हळू," तो म्हणाला. "पडशील."

आणि ते त्याचं ऐकून थांबलं.